वेबपानाच्या अंतरंगात

घड्याळजीकडे बंद पडलेले घड्याळ नेले, तर तो प्रथम मागचे झाकण उघडतो आणि डोळ्याला भिंग लावतो. काटे का थांबले ह्याचे उत्तर तबकडीवर सापडावयाचे नाही, हे त्याला ठाऊक असते. संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या वेबपानाची गोष्टही ह्याहून वेगळी नाही. रेल्वेचे आरक्षण करताना, परीक्षेचा अर्ज भरताना किंवा विजेचे बिल भरताना एखादे बटण दाबले आणि काहीच घडले नाही, असा अनुभव आता बहुतेक श्रोत्यांना आला असेल. बटण तर समोर स्पष्ट दिसते. मग ते बहिरे का झाले? सामान्य माणूस ते दोनचारदा दाबून पाहतो आणि नाद सोडतो. परंतु ज्याने ते पान रचले, त्याला नाद सोडून चालत नाही. त्याला झाकण उघडावेच लागते. हे झाकण उघडण्याची साधने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कशी घडत गेली आणि झाकण उघडण्याच्या हक्कावरूनच पुढे एका राज्यात केवढे वादळ उठले, हा आजचा विषय आहे.

वेबपान म्हणजे छायाचित्र नव्हे. दूरच्या यंत्रावरून, म्हणजे ज्याला सर्व्हर म्हणतात त्याच्याकडून, आपल्याकडे येतो तो निव्वळ लिहिलेला मजकूर. ह्या मजकुराचे मुख्यतः तीन भाग असतात. एचटीएमएल हा घराचा सांगाडा: येथे मथळा, येथे परिच्छेद, येथे बटण. सीएसएस ही रंगरंगोटी: अक्षर केवढे, रंग कोणता, दोन ओळींत अंतर किती. आणि जावास्क्रिप्ट ही घरातील विजेची तारबंदी. कळ दाबली की दिवा लागावा, ही तिची कामगिरी. हे तिन्ही भाग वाचणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रावर येऊन पोहोचतात आणि त्याचा ब्राउझर तेथेच त्यांचे पान घडवितो. पान घडते ते वाचकाच्या घरी, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढचा सारा वाद तिच्याच आधारावर उभा आहे.

टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली आणि सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी तिची मूळ प्रणाली सर्वांना विनामूल्य खुली केली. पानाचा मूळ मजकूर उघडून पाहण्याची सोय तेव्हाच्या ब्राउझरांमध्ये होतीच. ती कोणी मोठा गाजावाजा करून दिलेली देणगी नव्हती. पण तिचा परिणाम फार दूरवर गेला. दुसऱ्याचे पान आवडले तर ते उघडावे, त्याने ते कसे रचले हे वाचावे आणि आपल्या पानात तसे करून पाहावे, अशा रीतीने हजारो माणसे हा व्यवसाय शिकली. शाळा नाही, गुरू नाही, शुल्क नाही. दुसऱ्या कोणत्याही कारागिरीत परक्याच्या कारखान्यात डोकावण्याची इतकी मोकळीक क्वचितच आढळेल.

१९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक ह्यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा सुमारे दहा दिवसांत तयार केली, आणि तेव्हापासून पान नुसते दिसेनासे होऊन वागू लागले. वागणे आले की चुकणेही आले. संगणकाच्या व्यवहारात अशा चुकीला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याचा प्रघात आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ ह्या यंत्रात एक खराखुरा पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला, ही कथा सर्वश्रुत आहे. ग्रेस हॉपर ह्या विदुषी ती कथा मोठ्या रंगतीने सांगत. मात्र शब्दाचा जन्म त्या पतंगापासून झाला असे कोणी समजू नये. यंत्रातील बारीकसारीक दोषांना हा शब्द एडिसनने १८७८ मधील एका पत्रात वापरलेला आहे. पतंग चिकटविणाऱ्यांनाही जुन्या शब्दावरील कोटी म्हणूनच त्याची गंमत वाटली.

तर हे किडे पूर्वी शोधावयाचे कसे? उपाय अगदी बाळबोध होता. आज्ञावलीत मध्येमध्ये ‘अलर्ट’ नावाची आज्ञा पेरावयाची. तेथवर काम आले की पडद्यावर एक लहानशी चौकट उगवे: येथपर्यंत ठीक. पुढची चौकट उगवली नाही तर दोष त्या दोन टप्प्यांच्या दरम्यान आहे असे समजावयाचे. अंधाऱ्या खोलीत भिंत चाचपडत जावे, तसा हा प्रकार. एखादी आज्ञा शंभर वेळा फिरणाऱ्या चक्रात सापडली, तर चौकटीही शंभर उगवत आणि प्रत्येक हाताने मिटवावी लागे. दोषशोधनाची स्वतंत्र साधने मुळीच नव्हती असे नाही. मोझिला प्रकल्पात ‘व्हेंकमन’ नावाचे एक साधन २००१ च्या सुमारास आले होते. पण ते वेगळ्या खिडकीत उघडे, जड होते, आणि नवख्या माणसाला त्याचे भय वाटे.

२००४ साली जीमेल आले आणि २००५ च्या फेब्रुवारीत गूगलचे नकाशे. ह्या पानांची तऱ्हाच निराळी होती. एकदा उघडलेले पान पुन्हा न उघडता पाठीमागून सर्व्हरशी बोलत राही आणि स्वतःचे अंग बदलत राही. त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट ह्यांनी ह्या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. आता मूळ मजकूर पाहण्याची जुनी सोय अपुरी ठरली. त्या सोयीने दिसे तो सर्व्हरकडून आलेला पहिला मजकूर. आणि पडद्यावर असे ते जावास्क्रिप्टने त्यात दहा वेळा फेरफार केल्यानंतरचे रूप. घराचा जुना नकाशा हातात आहे, पण घरमालकाने मध्यंतरी भिंती हलविल्या आहेत, अशी कारागिराची अवस्था झाली. त्याला नकाशा नको होता, उभे घर पाहावयाचे होते.

ही गरज भागविली ती जो ह्यूइट ह्या तरुण कारागिराने. फायरफॉक्स ब्राउझरच्या आरंभीच्या रचनाकारांपैकी तो एक. २००६ च्या जानेवारीत त्याने ‘फायरबग’ हे जोडसाधन प्रसिद्ध केले. ब्राउझरमध्ये मागाहून बसविता येणाऱ्या अशा उपकरणाला एक्स्टेंशन म्हणतात. बोलताना त्यालाच प्लगइन म्हणण्याची सवय पडली आहे. काटेकोर बोलावयाचे तर प्लगइन ही जुनी, वेगळी जात होती. फ्लॅश हे तिचे ठळक उदाहरण. त्याचा आधार २०२० च्या अखेरीस कायमचा संपला.

फायरबग उघडला की पानाच्या तळाशी एक पट्टा उघडे. त्यात पानाचा सांगाडा झाडाच्या फांद्यांसारखा दिसे, आणि तो जुना नकाशा नसून त्या क्षणीचे उभे घर असे. एखाद्या ओळीवर बोट ठेवले की पानावरील तोच भाग उजळे; पानावरील भागावर बोट ठेवले की ओळ उजळे. शिवाय ती ओळ तेथल्या तेथे बदलता येई आणि परिणाम तत्काळ दिसे. सर्व्हरवरील मूळ पानाला धक्का लागत नसे. पान पुन्हा उघडले की सारे पूर्ववत. चूक करून पाहण्याची किंमत शून्यावर आली. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ह्याहून मोठी सोय कोणती असेल?

ह्या साधनाचा उपयोग मराठी मजकुराच्या एका नित्याच्या दुखण्यावरून चांगला कळेल. समजा, इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद येथील एखाद्या मराठी मंडळाने आपले संकेतस्थळ करवून घेतले. पाने तयार झाली. पण मथळ्यातील प्रत्येक अक्षराची शिरोरेषा तुटलेली, शब्द म्हणजे जणू सुट्या मण्यांची ओळ. आणि ‘वर्षारंभ’ ह्या शब्दावरील रफार वरून छाटलेला! रचनाकार म्हणतो, फाँट खराब आहे. फाँट बदलला तरी व्यंग कायम. तेव्हा मथळ्यावर उजवी कळ दाबून ‘इन्स्पेक्ट’ म्हणावयाचे. उजवीकडे त्या मथळ्याला लागू पडणारे सीएसएसचे सारे नियम क्रमाने दिसतात. जे नियम दुसऱ्या नियमाने रद्द ठरविले, त्यांवर आडवी रेघ मारलेली असते. तेथे आढळते की रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांना शोभावे म्हणून कोणी अक्षराअक्षरांत २ पिक्सेलांचे अंतर सोडण्याचा नियम घातला आहे. रोमन अक्षरे मुळातच सुटी, त्यांना ते खपते; देवनागरीत तेच अंतर शिरोरेषेच्या जिवावर उठते. आणखी खाली पाहावे, तर ओळीची उंची अक्षराच्या उंचीएवढीच ठरविली आहे आणि चौकटीबाहेर जाईल ते कापावे असाही हुकूम आहे. वेलांटी, मात्रा, रफार हे सारे डोक्यावर राहणारे. ते कापले जाणारच. पहिल्या नियमासमोरची खूण काढावी, उंची १ ऐवजी १.६ करून पाहावी. शिरोरेषा जुळते, रफार परत येतो. सारे काम दोन मिनिटांचे. फाँट बिचारा निर्दोष होता.

इतके झाले दिसण्याविषयी. वागण्याचे दोष शोधण्यासाठी ‘कन्सोल’ नावाचा भाग असतो. तेथे जावास्क्रिप्टने केलेल्या चुका तांबड्या अक्षरांत, ओळीच्या क्रमांकासह नोंदल्या जातात. बहिऱ्या बटणाचे रहस्य बहुधा तेथेच उलगडते: ज्या कामाला बटणाने हाक मारली, त्या नावाचे काम आज्ञावलीत अस्तित्वातच नसते, कोणी तरी नावात एक अक्षर चुकविलेले असते. चौकटी उगविण्याऐवजी आता कन्सोलवर मुकाट्याने टिपणे लिहिता येतात. फायरबगने रूढ केलेली ‘कन्सोल.लॉग’ ही आज्ञा आज प्रत्येक ब्राउझर ओळखतो. त्याहून सामर्थ्यवान उपाय म्हणजे थांबा. आज्ञावलीतील हव्या त्या ओळीवर खूण केली, की काम त्या ओळीशी येऊन स्तब्ध उभे राहते आणि त्या क्षणी कोणत्या नावाखाली कोणती किंमत साठविली आहे, हे निवांत वाचता येते. मग एकेक पाऊल पुढे जावे. नाटकाच्या तालमीत दिग्दर्शक मध्येच टाळी वाजवून सर्वांना जागच्या जागी उभे करतो आणि प्रत्येकाच्या हातात काय आहे ते तपासतो, तसे हे आहे.

तिसरा भाग दळणवळणाचा. पानासाठी कोणकोणती चित्रे, अक्षरसंच व आज्ञावल्या मागविल्या, प्रत्येकीला किती मिलिसेकंद लागले आणि उत्तर काय आले, ह्याचा हा हिशेब. २०० हा आकडा आला तर वस्तू मिळाली, ४०४ आला तर त्या पत्त्यावर काही नाही, ५०० आला तर दोष पानात नसून सर्व्हरच्या पोटात आहे. ह्या भागात जाळ्याचा वेग मुद्दाम मंद करून पाहण्याची सोयही पुढे आली. तिचा वापर व्हावा तितका होत नाही, हे खेदाने म्हणावे लागते. शहरातील कचेरीत क्षणार्धात उघडणारे पान डोंगरपट्टीतील गावात, जेथे भ्रमणध्वनीचा संदेश एका कोपऱ्यातच पोहोचतो, तेथे कसे रखडत असेल, हे रचनाकाराला आपल्या खुर्चीवरून पाहता येते. केवळ पाहण्याची इच्छा हवी.

फायरबगचे यश पाहून इतर ब्राउझरांनी अशी साधने आपल्या अंगातच बसविली. ॲपलच्या सफारीमागील वेबकिट प्रकल्पाचा ‘वेब इन्स्पेक्टर’ त्याच सुमारास आला होता. २००८ च्या सप्टेंबरात आलेल्या क्रोमने त्याचाच पुढे विस्तार केला, आणि २००९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीत एफ-१२ ही कळ दाबताच तपासणीचा पट्टा उघडू लागला. अनेक ब्राउझरांत ती कळ आजही ह्याच कामाची आहे. ह्यूइट अन्य कामाकडे वळल्यावर फायरबगचा भार जॉन बार्टन आणि यान ओडवार्को ह्यांनी इतर सहकाऱ्यांसह वाहिला. परंतु फायरफॉक्सने पुढे आपली अंतर्गत रचनाच पालटली. पूर्वीची जोडसाधने ब्राउझरच्या आतड्यांपर्यंत हात घालू शकत. सुरक्षितता आणि वेग ह्यांसाठी तो मार्ग बंद करण्यात आला. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी सत्तावन्नावी आवृत्ती आली आणि तिच्यात फायरबगला जागा उरली नाही. त्याचे बहुतेक गुण तोवर ब्राउझरच्या स्वतःच्या साधनांत उतरले होते. ज्याचे काम सर्वांनीच उचलले, त्याला निवृत्त व्हावे लागले. कारागिराच्या दृष्टीने हा पराभव म्हणता येणार नाही.

सर्वसाधारण तपासणी अशा रीतीने ब्राउझरात अंगभूत झाल्यावर जोडसाधनांकडे विशेष कामे राहिली. रिॲक्टसारख्या पद्धतीने बांधलेल्या पानांचे घटक दाखविणारी साधने आहेत. अंध वाचकाला पान ऐकता येईल की नाही, चित्रांना वर्णन जोडले आहे की नाही, अक्षर आणि पार्श्वभूमी ह्यांच्या उजळपणात पुरेसा फरक आहे की नाही, हे दाखविणारे ‘वेव्ह’ नावाचे साधन तर प्रत्येक सरकारी पानावर एकदा तरी चालवून पाहावे, इतके उपयुक्त आहे.

मात्र जोडसाधनाला पान तपासू द्यावयाचे, तर पान वाचण्याची आणि बदलण्याची मुभा त्याला द्यावी लागते. घड्याळजीच्या हाती घड्याळ दिल्यासारखेच हे, भरवसा माणसावर. क्रिस पेडरिक ह्यांचे ‘वेब डेव्हलपर’ हे साधन २००३ पासूनचे, फायरबगहूनही जुने आणि अत्यंत विश्वासाचे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये एका बनावट पत्राने त्यांच्याकडून खात्याचा परवलीचा शब्द काढून घेण्यात आला, आणि चोरांनी त्या साधनाची एक दूषित आवृत्ती क्रोमच्या भांडारात चढविली. साधन वापरणारे दहा लाखांहून अधिक. नवी आवृत्ती आपोआप येते, त्यामुळे कोणालाही काही न विचारता ती त्यांच्या यंत्रांत जाऊ लागली आणि पानापानांत परक्या जाहिराती घुसवू लागली. पेडरिक ह्यांनी फसगत ध्यानी येताच जाहीर सूचना दिली आणि काही तासांत शुद्ध आवृत्ती आणली. तज्ज्ञाच्या घरी हे घडले. म्हणून ज्या साधनाची गरज संपली ते काढून टाकावे, आणि पैशांचे व्यवहार करावयाच्या ब्राउझरात अशी साधने ठेवू नयेत, ही सावधगिरी बाळगणे बरे.

कन्सोलचाही असाच दुरुपयोग होतो. अमुक ओळी तेथे चिकटवा म्हणजे तुम्हाला दुसऱ्याचे खाते पाहता येईल, असे आमिष दाखविले जाते. प्रत्यक्षात चिकटविणाऱ्याचेच खाते चोराच्या हाती जाते. ह्यास्तव फायरफॉक्स आणि क्रोम ह्यांच्या कन्सोलमध्ये प्रथमच मजकूर चिकटविताना परवानगीचे शब्द स्वतःच्या हाताने लिहावे लागतात.

आता त्या वादळाकडे वळू. अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या शिक्षणखात्याचे एक संकेतस्थळ होते. शिक्षकाजवळ कोणती प्रमाणपत्रे आहेत, हे तेथे कोणालाही पाहता येई. २०२१ च्या ऑक्टोबरात ‘सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅच’ ह्या वृत्तपत्राच्या एका वार्ताहराला आढळले, की पडद्यावर दिसत नसले तरी पानाच्या मूळ मजकुरात शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक येत आहेत. तेथे हा क्रमांक हाती लागला तर दुसऱ्याच्या नावे कर्ज काढता येते. वृत्तपत्राच्या हिशेबाने एक लाखाहून अधिक शिक्षक ह्या धोक्यात होते. क्रमांक सांकेतिक रीतीने लिहिलेले होते. पण ती रीत जगजाहीर, तिला किल्ली लागत नाही. दस्तऐवज मोडीत लिहिला म्हणून तो गुप्त होत नाही, वाचणारे कमी असतात इतकेच. तसाच हा प्रकार. वार्ताहराने विद्यापीठातील एका तज्ज्ञाकडून खात्री करून घेतली, खात्याला कळविले, आणि खात्याने ते पान बंद करीपर्यंत वृत्तपत्राने बातमी रोखून धरली.

ह्यावर राज्याचे गव्हर्नर माइक पार्सन ह्यांनी १४ ऑक्टोबर रोजी पत्रकारांसमोर येऊन ही हॅकरची करणी असल्याचे सांगितले आणि चौकशी व खटल्याचे सूतोवाच केले. देशभरातील जाणकार थक्क झाले. सर्व्हरचे कुलूप कोणी फोडले नव्हते. खात्यानेच तो मजकूर मागणाऱ्या प्रत्येकाच्या घरी पोहोचविला होता, आणि वार्ताहराने तो आपल्या यंत्रावर वाचला. पाकिटातून आलेले पत्र पूर्ण वाचले, हा जर गुन्हा, तर पाकिटात नको ते घालणाऱ्याला काय म्हणावे?

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात खात्याने शिक्षकांची क्षमा मागितली आणि सहा लाखांहून अधिक आजी-माजी शिक्षकांना, त्यांच्या नावे कोणी लबाडी करीत नाही ना, ह्यावर लक्ष ठेवणारी सेवा सरकारी खर्चाने देऊ केली. पोलिसांचा तपास मात्र चालूच राहिला. २०२२ च्या फेब्रुवारीत कोल परगण्याच्या सरकारी वकिलाने वार्ताहरावर कोणताही खटला भरणार नसल्याचे जाहीर केले, आणि चार महिने डोक्यावर टांगलेली तलवार उतरली.